वरच्या सांध्यावरची शिट्टी

गुरुवार होता, म्हणून आर्लेटानं पाव दोघांना पुरेल इतका केला.

तसा तो रोजचाच पाव. मक्याचं पीठ, ताक, एक अंडं, मीठ. साखर नाही. पावात साखर घालणारी माणसं नदीपलीकडे ओहायोत राहतात, असं तिची आई म्हणायची, आणि म्हणताना चेहरा असा करायची की नदीपलीकडे राहणं हा एखादा आजारच असावा. बिडाच्या कढईत डुकराची चरबी आधी कडकडीत तापवायची आणि पीठ ओतल्याबरोबर चर्र आवाज यायला हवा. नाही आला तर तो पाव नव्हे, लगदा.

डॅडी टेबलाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. बाहेर फेब्रुवारीतलं बर्फ वितळून अंगणात राड झाली होती.

"दोन तुकडे जास्त घाल."

"हॉबर्टकाकांना त्यांच्या घरी जेवायला घालत नाहीत का?"

"घालतात ना. म्हणून तर तो माझ्या डब्याकडे बघत बसतो. त्याच्या सुनेचा पाव एकदा आम्ही गाडीच्या चाकाखाली अडण म्हणून लावला होता. भर उतारावर गाडी जागची हलली नाही."

"डॅडी!"

"खोटं वाटत असेल तर विचार त्याला."

तिनं पत्र्याच्या डब्यात खाली उकडलेला घेवडा, वर कांदा आणि त्यावर फडक्यात गुंडाळलेला पाव असं भरलं. ते जंगलातून लाकडं आणणारी रेल्वेगाडी चालवायचे, हा डबा तेव्हापासूनचा. आता तो दर गुरुवारी चाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत जायचा. तिथे शेगडीशेजारी डॅडी आणि हॉबर्ट शिफ्लेट सोंगट्यांचा पट मांडून बसत. गेलं वर्षभर हे चाललं होतं. आर्लेटा गुरुवारी ग्रंथालयाची गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या खोऱ्यांमध्ये पुस्तकं वाटायला जायची ती संध्याकाळीच परतायची. म्हाताऱ्या माणसाचा दिवस बरा जातो याचं तिला समाधान होतं.

"गेल्या गुरुवारी कोण जिंकलं?"

"मी. पण लबाडी करून."

चुलीवरच्या फळीवर एक गोल डाग होता. डॅडींची इंजिनावरची पितळी शिट्टी तिथे पस्तीस वर्षं उभी होती, म्हणून तेवढी जागा धुरानं काळी पडायची राहिली होती. शिट्टी गेल्या वर्षी शेडमध्ये गेली. वरची वाटी ढिली झाली आहे, दुरुस्तीला दिली, असं ते म्हणाले होते. नदीकाठच्या शेडमध्ये जुन्या रेल्वेची हौस असलेली मंडळी अकरा वर्षं सात नंबरचं इंजिन जुळवत होती, आणि सात नंबर प्रत्यक्ष चालवलेला जिवंत ड्रायव्हर स्पाइसवुड गावात एकच उरला होता, डॅडी, म्हणजे ऑर्मंड टीटर.

"मे महिन्यात चालणार म्हणतात," मफलर शोधता शोधता डॅडी म्हणाले.

"चालेल?"

"चालेल. न चालून सांगते कुणाला." मग थोडं थांबून म्हणाले, "तू येशील ना बघायला?"

"येईन की."

"शिट्टी वाजली तरी?"

आर्लेटा हसली. "वाजली तरी म्हणजे? बिनशिट्टीची गाडी कशी चालेल?"

त्यांनी मान हलवली. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असं तिला वाटलं, पण म्हातारपणी माणसं अशी पाहतात. तिच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. ते आज आलेलं नव्हतं, ती आठ वर्षांची असल्यापासून अधूनमधून येत होतं. नेहमीप्रमाणे तिनं ते गिळलं.

"मफलर खुंटीवर आहे," ती म्हणाली. "कान झाकून घ्या."

संध्याकाळी ती परतली तेव्हा डबा धुऊन पालथा घातलेला होता. कोण जिंकलं विचारलं तर डॅडी म्हणाले, "हॉबर्ट. माझ्या चार सोंगट्या खाल्ल्या आणि वर तुझा पाव." आणि झोपायला जाताना दारातून, "पाव आज बरा झाला होता." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा वास घरभर पसरला, तरी ते उठले नाहीत.

* * *

या डोंगरात लाकूडतोड कंपनीच्या गाड्या चालायच्या तेव्हा शिट्टी कंपनीची नसे, ड्रायव्हरची असे. इंजिन कंपनीचं, कोळसा कंपनीचा, जंगल कंपनीचं, ड्रायव्हरची कंबरही जवळजवळ कंपनीचीच. पण शिट्टी त्याची स्वतःची. एका इंजिनावरून दुसऱ्यावर बदली झाली की तो ती पिळून काढायचा आणि तान्ह्या मुलासारखी काखेत धरून घेऊन जायचा. प्रत्येकाची वाजवण्याची तऱ्हा वेगळी. कुणी घुबडासारखी घुमवायचा, कुणी कुत्रं शेपटीवर पाय पडल्यावर ओरडतं तशी. खाली गावात बायका आवाजावरून ओळखायच्या की कुणाचा नवरा उतरतो आहे.

ऑर्मंडची हाक लांब होती. खालून उचललेला एकच सूर, मग दोन तुटक, आणि शेवटी दोरी सोडता सोडता पुन्हा धरायची, म्हणजे आवाज फाटून खाली यायचा, जसं काही विचारायचं होतं आणि विचारलं नाही. डोंगर इतका उभा की गाडी एकदा तोंडाकडून चढायची, थांबायची, रुळांचा सांधा बदलला की पाठीनं चढायची. उतरताना त्या वरच्या सांध्यावर गाडी थांबली की ऑर्मंड ही हाक द्यायचा. ती ऐकली की आर्लेटाची आई आयसी हातातलं काम टाकून कढई चुलीवर ठेवायची. गाडी खाली येऊन, इंजिन शेडमध्ये लावून तो दारात पाऊल टाकायचा तेव्हा पाव कढईतून निघत असायचा. आयसीनं यात कधी चूक केली नाही.

आठ वर्षांची असताना डॅडींनी आर्लेटाला एकदा इंजिनावर चढवलं. तिनं दोरीकडे हात नेला. ते रागावले नाहीत. चूल गरम आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पोरी दोरीला हात लावत नाहीत." तिनं हात मागे घेतला. त्यांच्या हाताखाली भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनची पोरं मात्र जाता-येता ती दोरी ओढायची आणि बापाच्या शिव्या खायची. तो फायरमन म्हणजे हॉबर्ट.

ती बारा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर हाक ऐकू आली की कढई आर्लेटा चढवायची. गृहपाठ अर्धा असो, केस ओले असोत, शेजारणीच्या अंगणात दोरीवरच्या उड्या चाललेल्या असोत, ती धावत सुटायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे लाकूड संपलं, कंपनी गेली, रूळ गवतात गेले, शिट्टी फळीवर आली. पण पायांना जे कळलेलं असतं ते जात नाही. सात नंबरचं काम निघाल्यावर शनिवारी ती शेडमध्ये सगळ्यांसाठी जेवण घेऊन जायची. डॅडी कधी फळीवरची शिट्टी बरोबर नेऊन काँप्रेसरच्या हवेवर वाजवून बघायचे, आणि ती हाक उठली की आर्लेटा टोपली खाली ठेवून चालू पडायची. अर्ध्या वाटेवर स्वतःला हसायची आणि तरी घरी जाऊन कढई तापत ठेवायचीच. डॅडी यायचे तेव्हा टेबलावर गरम पाव असायचा.

* * *

अंत्यविधीनंतर आठवडाभर शेजाऱ्यांची भांडी येत राहिली. कुणी डुकराचं भाजलेलं मांस आणलं, कुणी बटाटे, हॉबर्टच्या सुनेनं पाव. आर्लेटानं तो बघितला आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. मग रडू आलं. मग तिनं तो पक्ष्यांना घातला. पक्ष्यांनीही विचार करूनच खाल्ला.

"शिट्टी?" तिनं हॉबर्टला विचारलं.

"शेडमध्ये आहे, पोरी. नीट आहे." हॉबर्टचा डावा कान भट्टीशेजारच्या नोकरीत गेला होता, म्हणून तो बोलताना मान वळवून उजवा कान पुढे करायचा. यावेळी त्यानं तो केला नाही. "मे महिन्यात वाजेल. तू ये फक्त."

तिनं मनाशी ठरवलं. सात नंबर चालेल, हॉबर्ट त्याला जमेल तशी शिट्टी वाजवेल, आणि मग ती पुढे होऊन सांगेल की आता ही माझ्याकडे द्या. तिनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. पुस्तकांची गाडी चालवताना, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना, ती ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघायची. "हॉबर्टकाका, शिट्टी मला हवी आहे." कधी ते फार कठोर वाटायचं, कधी भीक मागितल्यासारखं. डॅडींचं घर होतं, कोट होता, दाढीचा ब्रश होता. पण ते स्वतः होते त्या हाकेत. ती हाक त्यांच्याबरोबर जमिनीत गेली हे तिनं मान्य केलं होतं. ज्या पितळेतून ती निघायची ते तरी फळीवरच्या गोल डागावर परत उभं राहायला हवं होतं.

* * *

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सगळ्या गावाला रानलसणीचा वास येत होता. अग्निशमन दलाच्या सभागृहात गावजेवणासाठी बायका सकाळपासून तो पाला बटाट्याबरोबर परतत होत्या. एकदा खाल्ला की तीन दिवस माणसानं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसावं अशी त्याची ख्याती. ओहायोच्या नंबरांच्या मोटारी नदीपर्यंत लागल्या होत्या आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं नाकाला रुमाल लावून हिंडत होती.

आर्लेटा इंजिनाच्या उजव्या अंगाला उभी राहिली. बघायचं असेल तर उजवीकडूनच, हे डॅडींचं सांगणं. ‘शे’ नावाच्या जातीच्या या इंजिनाचं सगळं काळीज उजव्या कुशीत असतं. बॉयलर डावीकडे सरकवून बसवलेला, आणि उजवीकडे तीन सिलिंडर उभे, शिवणयंत्राच्या सुयांसारखे वर-खाली होणारे. खाली लांबच लांब फिरता दांडा, आणि त्यावरच्या दातेरी चाकांनी प्रत्येक चाक फिरवलेलं. एकही चाक फुकट बसून खात नाही. म्हणून असा उभा डोंगर चढतं. डॅडी त्याला कंपनीची शिंपीण म्हणायचे.

शेडची दारं उघडली आणि ते बाहेर आलं. वाफ जमिनीलगत पसरली. काळा रंग असा चकाकत होता की त्यात ढग दिसावेत. मग दांडा फिरायला लागला आणि तो आवाज सुरू झाला, धडधडधड, श्वास न घेता. डोळे मिटले तर वाटावं मेल गाडी पूल ओलांडते आहे, आणि डोळे उघडले तर इंजिन काठी टेकत चर्चला निघालेल्या म्हातारीच्या चालीनं येत होतं. ओहायोची माणसं हसली. पहिल्यांदा पाहणारे सगळेच हसतात. "ह्याचं नुसतं ऐकायचं नाही," डॅडी म्हणायचे, "ऐकलंस तर फसशील. बघायचं."

बॉयलरवरच्या वाफेच्या घुमटावर शिट्टी होती. इतकी घासलेली की तिनं आधी ओळखलीच नाही.

ड्रायव्हरच्या खिडकीत हॉबर्ट नव्हता. एक बाई होती. चाळिशीची, रुंद खांद्यांची, राखाडी टोपी मागे सारलेली. तिनं पुढे रुळांकडे पाहिलं, डावा हात वर नेला आणि दोरी ओढली.

खालून उचललेला लांब सूर. दोन तुटक. आणि शेवटी, दोरी सुटता सुटता पुन्हा धरली गेली, आवाज फाटला आणि काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा खाली आला.

गावातल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. क्षणभर, फक्त क्षणभर, डॅडी जिवंत होते. मग दोरीवरचा तो हात तिला परत दिसला.

लक्षात आलं ते एवढंच, की कुणी दचकलं नव्हतं. चाऱ्याच्या दुकानाचा मालक, पोस्टातली बाई, पाद्री, सगळे मान डोलवत होते. ओळखीचं भजन ऐकताना डोलवतात तशी. ही हाक त्यांनी काल-परवाच ऐकली होती.

हॉबर्ट फलाटावरच्या बाकावर बसला होता. टोपी मांडीवर.

"ही कोण?"

"टेरी. टेरी कोस्को. पिट्सबर्गकडची आहे. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायची. कारखाना बंद पडला तशी इकडे आली. हात चांगला आहे तिचा."

"ही हाक तिला कुणी शिकवली?"

हॉबर्ट टोपीत पाहू लागला, उत्तर तिच्या अस्तरात असल्यासारखा.

"काका, मी विचारते आहे."

"गुरुवारी," तो म्हणाला.

"गुरुवारी तुम्ही सोंगट्या खेळत होतात."

"मला सोंगट्या येत नाहीत, पोरी. कधीच आल्या नाहीत. माझी नातवंडं हरवतात मला."

आर्लेटा बाकाच्या कडेवर बसली. वर्षभर तिनं दर गुरुवारी विचारलं होतं, कोण जिंकलं? आणि वर्षभर त्यांनी उत्तर दिलं होतं, सोंगट्या मोजून, लबाडीचे तपशील रंगवून. तिला नवल वाटलं ते त्यांनी घेतलेल्या कष्टांचं.

"गावात कुणाकुणाला माहीत होतं?"

"ज्यांना कान आहेत त्यांना. माझ्यासारख्या अर्ध्या कानाच्यालाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "ऑर्मंडनं सगळ्यांना बजावलं होतं. आर्लीच्या कानावर घालायचं नाही. तुझ्या बापाचा शब्द कोण मोडणार?"

"माझ्या बापानं एक शब्द मलाही विचारायचा होता."

इंजिन टाकीखाली पाणी घ्यायला थांबलं होतं. टेरी खाली उतरली, चिंध्यांनी हात पुसत सरळ त्यांच्याकडे आली, आणि आर्लेटाला उठून जावंसं वाटलं तेव्हा उशीर झाला होता.

"मिस टीटर? फोटोवरून ओळखलं. त्यांच्या पाकिटात होता." तिचा आवाज कारखान्यातला, मोठा. तिनं तो खाली आणायचा प्रयत्न केला. "मी वर्षभर तुमच्या हातचा पाव खाल्लाय. पहिल्या दिवशी विचारलं, यात साखर का नाही? तर मला शेडबाहेर घालवायचंच काय ते बाकी ठेवलं."

म्हणजे ते दोन जास्तीचे तुकडे.

आर्लेटाला वाटलं होतं की विश्वासघात म्हणजे काहीतरी मोठं असतं. तिनं वाचलेल्या पुस्तकांमध्ये तो राजे करायचे, भाऊ करायचे, त्यासाठी खलिते आणि विष लागायचं. तो फडक्यात गुंडाळून, कांदा घालून, स्वतःच्या हातांनी बांधून देता येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला ग्रंथालयातल्यासारखा सभ्य ऐकू आला, "की पोरी दोरीला हात लावत नाहीत?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, का? तर म्हणाले, का ते ठाऊक नाही, आमच्यात असंच. मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या गुरुवारी परत विचारीन. तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा म्हणाले, ये बाई वर, पण कटकट थांबव."

"बस?"

"बस." टेरी जरा गोंधळली. "मी विचारलं, ते हो म्हणाले."

चाळीस वर्षांवर गेला होता तो नियम. चार गुरुवारही टिकला नाही.

"मी त्यांना म्हटलंही," टेरी चिंधी हातात पिळत म्हणाली, "घरात मुलगी आहे तुमची, तिला शिकवा ना. तर म्हणाले, तिला या आवाजाचा तिटकारा आहे. आई गेल्यापासूनचा. शिट्टी वाजली की ती काही न बोलता उठून चालायला लागते. शेडमध्ये सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर गुरुवार ठरवला, तुम्ही गावात नसता तो. तुम्हाला ऐकावं लागू नये म्हणून."

हॉबर्ट मान हलवत होता. हो, पाहिलंय. टोपली ठेवायची आणि जायची.

आर्लेटाच्या डोळ्यांसमोर कढई आली. बिडाची, काळी, तापून धूर यायला लागलेली. ती सांगू शकली असती. मी पाव टाकायला जात होते. एवढंच वाक्य. पण ते या दोघांना सांगून काय होणार होतं? ज्याला सांगायचं तो दर शनिवारी दारातून आत आला होता, टेबलाशी बसला होता, पावाचा तुकडा मोडला होता, त्यातून वाफ निघाली होती. आणि एकदाही त्याला प्रश्न पडला नव्हता की हा आत्ताच कसा निघाला? आयसीचं त्याला कळायचं. आयसीचा पाव त्या हाकेचं उत्तर होता. तोच पाव, तीच कढई, आणि मुलीच्या हातचा होता म्हणून ते नुसतं जेवण झालं. अकरा वर्षं त्यानं तिला उठून जाताना पाहिलं, आणि घर गल्लीच्या टोकाला होतं. एकदा मागोमाग यायचं होतं.

"वर चला ना," टेरी म्हणाली. तिनं हातमोजा काढून पुढे केला. "दोरी तुम्ही ओढा. मी सांगते शेवटचं कसं धरायचं ते."

"नको."

"शिट्टी तर तुमचीच आहे. आजची फेरी झाली की मी उतरवून देते."

हे मागायचं वाक्य घोकत आर्लेटानं किती खोरी पालथी घातली होती! आता शिट्टी न मागता समोर आली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला पितळ नको आहे.

"राहू दे तिथेच," ती म्हणाली. "बिनशिट्टीची गाडी कशी चालेल?"

टेरीला आणखी काही म्हणायचं होतं, पण गार्डनं हिरवा बावटा दाखवला. माणसं डब्यांमध्ये चढली. धडधड पुन्हा सुरू झाली, आणि सात नंबर त्या सगळ्या घाईच्या आवाजात, एक एक दात मोजत, डोंगराला भिडलं. एक मूल रुळांशेजारून चालत बराच वेळ त्याच्या बरोबरीनं राहिलं. मग झाडांनी गाडी घेतली. धूर तेवढा वर दिसत राहिला.

फलाट रिकामा झाला. सभागृहातून तळणीचा आवाज आणि बायकांचं हसणं येत होतं. हॉबर्ट बाकावर तसाच होता.

"जेवायला चल," तो म्हणाला. "चांगलं होतं त्याच्या मनात. तुला त्रास होऊ नये म्हणून केलं त्यानं."

"हो. सगळ्यांनीच."

त्यानं टोपी घातली आणि परत काढली.

धूर माथ्यापाशी जाऊन परत खाली सरकायला लागला. मग वरून, खूप वरून, सांध्यावर गाडी थांबली असेल तिथून, हाक आली. दरीनं ती उचलली आणि समोरच्या डोंगराला दिली, त्यानं परत केली. लांब. दोन तुटक. आणि ते फाटून खाली येणं.

आर्लेटा उठली होती. फलाटाच्या पायऱ्या उतरून, खडी ओलांडून, गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. मनात पीठ मोजलं गेलं होतं, ताक आहे की नाही ते आठवून झालं होतं. तिथे ती थांबली. गल्लीच्या टोकाला घर दिसत होतं. धुराड्यातून धूर नव्हता. गाडी खाली येईल, आणि दारात कुणी पाऊल टाकणार नाही.

ती वळली. मागे बाकावर हॉबर्टनं तिला उठून जाताना पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा सांगत होता की बघ, ऑर्मंड खरंच बोलत होता.

"मला शिकायचं होतं, डॅडी," ती म्हणाली.

हॉबर्टनं मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस, पोरी?"

डोंगरावर हाकेचा शेवट अजून विरत होता. आर्लेटानं छाती भरून श्वास घेतला, आणि सभागृहाच्या दारात उभ्या असलेल्या बायकाही वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"मला शिकायचं होतं! ती दोरी मला हवी होती, डॅडी. मी पाव टाकायला जात होते."